बेगमी आधी, बिटकॉइन शेवटी

पगारदार सोडले तर कोकणात पैसा दर महिन्याला येत नाही. आंबा-काजूचा येतो मार्च ते मे, पर्यटकांचा दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, आणि त्याच दिवसांत होमस्टेच्या खोल्याही रिकाम्या. डिजिटल चलन आणि एआयवरचा बहुतेक सल्ला मात्र १ तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला धरून दिलेला असतो. तो इथे जसाच्या तसा लावला की श्रावणात एसआयपी (म्युच्युअल फंडाचा दरमहा हप्ता) बंद पडते, घेतलेली नाणी पडत्या भावात विकली जातात आणि मोहोर आला की फवारणीसाठी दलालाकडे हात पसरावा लागतो.

म्हणून सुरुवात मेअखेरच्या हिशेबापासून. समजा, लहान बाग आणि दोन खोल्यांचा होमस्टे असलेल्या घरात हंगाम संपताना ३,६०,००० रुपये हातात आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, क्रम मात्र हाच ठेवा. पीककर्जाचे ६०,००० मुदतीआधी भरा. मुदत चुकली तर व्याजसवलत जाते, आणि तेवढा खात्रीचा परतावा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. जून ते ऑक्टोबर घरखर्च महिना २०,००० धरून १,००,०००. गणपती, शाळेच्या फिया वगैरे २५,०००. बागेसाठी ८०,०००. उरले ९५,०००.

यातले बागेचे ८०,००० सगळ्यात महत्त्वाचे. जूनमधलं खत, जुलै-ऑगस्टमधलं कल्टार (मोहोर लवकर आणणारं संजीवक) आणि मोहोरापासूनच्या फवारण्या हा खर्च माल विकण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. तो भागवायला उचल घेतली की पेट्या त्याच दलालाकडे वाशीला पाठवाव्या लागतात आणि भाव तो सांगेल तो. म्हणजे ही रक्कम नुसती बाजूला राहिली तरी पुढच्या वर्षी माल कुणाला विकायचा हे तुम्ही ठरवता. पुढे एआयच्या मदतीने थेट विक्रीचं सांगितलं आहे, ते उचल घेतलेल्या बागायतदाराच्या काही कामाचं नाही.

घरखर्चाचे १,००,००० एकाच बचत खात्यात ठेवू नका, ते दिसतात म्हणून खर्च होतात. जूनचे खात्यात राहू द्या, बाकी ८०,००० च्या चार मुदत ठेवी करा. एक १ जुलैला सुटेल, पुढची १ ऑगस्टला, अशा. व्याज किरकोळ मिळेल. पैसा दर महिन्याला पगारासारखा हातात येतो, हा खरा फायदा. ठेव बँकेत ठेवा. सहकारी बँकेसह कोणत्याही विमाधारक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं, मग तिचा चेअरमन वाडीतला का असेना.

उरलेल्या ९५,००० मधले ४०,००० अडीअडचणीला म्हणून लिक्विड फंडात (पैसे लवकर काढता येणारा, कमी जोखमीचा म्युच्युअल फंड) किंवा साध्या ठेवीत. ४०,००० दीर्घ मुदतीसाठी: निम्मे पीपीएफमध्ये, निम्मे इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या मागे चालणारा फंड). पीपीएफमध्ये भरायचे तर ५ जूनच्या आत भरा, कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर त्या महिन्याचं व्याज धरतात. इंडेक्स फंडासाठी एसआयपीपेक्षा एसटीपी आपल्याला सोयीची: २०,००० त्याच फंड कंपनीच्या लिक्विड फंडात टाकायचे आणि दर महिन्याला २,००० आपोआप इंडेक्स फंडात जाऊ द्यायचे. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत जाण्याची भानगड राहत नाही. १०,००० अवजारं आणि शिकण्यासाठी. क्रिप्टोला ५,०००, तेही बुडाले तरी चालतील असे.

एआयचा सर्वांत मोठा उपयोग कारकुनी कामाला आहे, आणि कोकणातल्या छोट्या धंद्यात नेमका कारकूनच नसतो. आधी मात्र वही सोडून गुगल शीटवर या. रकाने एवढेच: तारीख, गिऱ्हाइकाचा क्रमांक, गाव, प्रकार, डझन, दर, वाहतूक, मिळालेले पैसे, तक्रार. नाव आणि फोन वेगळ्या शीटमध्ये ठेवा. एआयला हिशेब दाखवायची वेळ आली की फक्त पहिली शीट द्यायची. गिऱ्हाइकांचे नंबर, आधार, सातबारा यातलं काहीही चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. मराठी टंकायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून बोला. प्रमाण मराठी बरीच नीट उतरते, मालवणी बोललात तर गोंधळ होतो.

दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की विचारण्याजोगे प्रश्न सुचतात. कोणत्या आठवड्यात तोडलेल्या मालात साक्याच्या (आतला गर खराब होण्याच्या) तक्रारी जास्त? वाहतूक वजा जाता कोणत्या शहरात डझनामागे सर्वांत जास्त सुटतात? एका नोंदवहीत हे वर्षानुवर्षं दडलेलं असतं, पण बेरजा कोण करणार? बेरीज चॅटबॉटला तोंडी करायला मात्र सांगू नका. तो आकडे ठोकून देतो. त्याच्याकडून शीटचं सूत्र लिहून घ्या आणि बेरीज शीटला करू द्या. पहिल्या दहा ओळी हाताने पडताळा.

जाहिरातीचा मजकूर मागताना असं लिहा: ‘देवगड तालुक्यातल्या बागायतदारासाठी सहा ओळींचा व्हॉट्सॲप मजकूर लिही. हापूस, ५ डझनांची पेटी, फळ २२० ते २५० ग्रॅम, तोडणी १८ एप्रिल, कच्चा माल पेंढ्यात, घरी आठ-दहा दिवसांत पिकेल. पैसे आगाऊ. खराब फळामागे दुसरं फळ किंवा पैसे परत. दिलेल्या माहितीपलीकडे एकही दावा घालू नको.’ शेवटचं वाक्य विसरलात तर तो हमखास ‘सेंद्रिय’, ‘रसायनमुक्त’ असं काहीतरी चिकटवतो, आणि ते निस्तरायचं तुम्हालाच. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून पेटीत चिठ्ठी टाका: ‘पुढच्या हंगामासाठी नंबर सेव्ह करा.’ नुकसानभरपाईसाठी दर वीस डझनांमागे एक डझन हिशेबात आधीच सोडून द्या.

होमस्टेवाल्यांनी मेनूचं भाषांतर करताना प्रत्येक माशाचं इंग्रजी नाव स्वतः तपासावं. बांगड्याची बांगडी आणि सुरमईचा सुरमा व्हायला वेळ लागत नाही. तिरफळाला दुसरं नाव देण्यापेक्षा तिरफळच राहू द्या, खाली एक ओळ चवीची. एआयने खरा वेळ वाचतो तो परीक्षणांना उत्तरं देणं, चौकशीच्या निरोपांचे चार-पाच ठरीव नमुने करणं आणि ‘समुद्र किती लांब, गाडी दारापर्यंत येते का, शाकाहारी मिळेल का’ या रोजच्या प्रश्नांचं एक पान करणं यात.

एका जागी एआयवर अजिबात विसंबू नका: औषधाची मात्रा. मोहोराच्या फोटोवरून तो करपा आणि भुरी यांत गल्लत करतो, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणी वेळापत्रक आणि बाटलीवरचं लेबल, हे दोनच आधार. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत तेही लेबलावरच बघा. सरकारी योजनांचंही तसंच. नसलेली योजना तो अर्जाच्या कागदपत्रांसकट सांगतो.

आता घरातल्या विशी-बाविशीतल्या मुलामुलींचं. साधी डेटा एन्ट्री, ठोकळेबाज भाषांतर, वेबसाइटचा भरताडाचा मजकूर या कामांचे दर एआयमुळे पडत आहेत. त्यात करिअर शोधू नये. चाळीस हजारांचा ‘एआय तज्ज्ञ’ कोर्स तर नकोच. तिथे शिकवतात ते बहुतेक फुकट मिळतं. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवर अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात, परीक्षा द्यायची तेवढी फी. सहा महिने असे लावा: पहिले दोन स्प्रेडशीट पक्की करायला, पुढचे दोन पायथॉनची तोंडओळख आणि बिलं, यादी, स्मरणपत्रं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, शेवटचे दोन गावातल्या तीन खऱ्या धंद्यांचं काम. एक होमस्टे, एक काजू प्रक्रिया, एक बर्फ कारखाना किंवा मासळीचा व्यापारी. पहिल्याला फुकट, दुसऱ्यापासून पैसे. ‘काजूगराच्या प्रतवारीनुसार साठा आणि येणी रोज संध्याकाळी मालकाच्या फोनवर’ एवढी एक ओळ मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त चालते.

आणि ज्याला हाताचं काम येतं त्याने ते सोडू नये. शीतगृहाचा मेकॅनिक, बोटीच्या इंजिनाचा फिटर, सोलर बसवणारा, यांचं काम चॅटबॉट करू शकत नाही. पण परदेशी इंजिनाचं मॅन्युअल समजून घ्यायला आणि कोटेशन दहा मिनिटांत नेटकं करायला तो उत्तम.

घरून काम करायचं तर पावसाळ्याची तयारी हवी. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. तिला फार खाली न उतरवता सुमारे १,००० धरा. लॅपटॉप ५०, राउटर १०, दिवा १० म्हणजे ७० वॉट, १४ तास निघतात. ७० वॉटचा पंखा लावलात की सात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की प्लगसोबत इंटरनेटची केबलही काढा. वीज तारेतून राउटरमध्ये शिरते आणि तिथून लॅपटॉपमध्ये. परदेशी गिऱ्हाईक ‘यूएसडीटीत (डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात) देतो’ म्हणालं तर नाही म्हणा. पैसे बँकेतच घ्या आणि त्याचं आवक प्रमाणपत्र जपून ठेवा.

आता चलन. ई-रुपया म्हणजे गुंतवणूक नव्हे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेली ती डिजिटल नोट आहे: १ रुपया तो १ रुपयाच, व्याज नाही. ‘ई-रुपया दुप्पट होणार’ असं कुणी सांगितलं तर तो चोर समजा.

बिटकॉइन वेगळं. एकूण नाणी कधीच २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत, हे त्याच्या नियमातच आहे. भाव मात्र कुणीच बांधलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६९,००० डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात १६,००० वर आला. म्हणजे तुमच्या ५,००० चे सुमारे १,१६०. इतर हजारो नाण्यांच्या नादी लागू नका.

घ्यायचंच तर एफआययू-इंडियाकडे (केंद्र सरकारचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग) नोंदलेल्या एक्स्चेंजवरून, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवरून. आधी ५०० रुपयांचं घ्या, विका, पैसे बँकेत परत येतात का पाहा, मगच पुढचे. कर आधीच समजून घ्या. नफ्यावर सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर; १२ लाखांपर्यंतची करसवलत या नफ्याला नाही. एका नाण्यात ६,००० मिळाले आणि दुसऱ्यात ६,००० गेले तर हाती शून्य, तरीही कर १,८७२ रुपये, कारण तोटा वजा होत नाही. विकताना कापलेला १ टक्का टीडीएस विवरणपत्रात मागून घ्या.

जुलै २०२४ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. म्हणून रक्कम ५०,००० च्या पुढे गेली की हार्डवेअर वॉलेट घ्या, म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण. ते सुरू करताना मिळणारे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द हीच खरी किल्ली. फोनमध्ये फोटो नको, कागदाला आपल्याकडे दमट हवा आणि वाळवी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये कपाटातली कागदपत्रं कशी लगदा झाली ते अजून लोकांच्या लक्षात आहे. बोटीला लागतं ते ३१६ स्टील घ्या. खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा ते जास्त टिकतं. २ मिलिमीटरचा तुकडा आणि अक्षरांचे पंच आणा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली की पुरे, त्यावरून शब्द ओळखता येतो. ठोकायचं घरी, वर्कशॉपवाल्याकडून नाही. एक पट्टी घरात, दुसरी मुंबई-पुण्याच्या बहिणीकडे.

सर्वांत जास्त पोरं अडकतात ती दोन ठिकाणी. पहिलं, ‘खातं वापरायला दे, टक्केवारी घे’. ते खातं फसवणुकीच्या पैशासाठी लागतं आणि गुन्हा खातेदारावर दाखल होतो. दुसरं, अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकणं. बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देणाऱ्याचा पैसा बहुधा कुणाच्या तरी फसवणुकीचा असतो. तिकडे तक्रार झाली की तुमचं खातं गोठतं. एप्रिलमध्ये गोठलं तर पेट्यांचे पैसेही त्यातच अडकतात. म्हणून विक्रीचं खातं आणि क्रिप्टोचं खातं एकाच बँकेतही ठेवू नका.

पैसे गेलेच तर पोलीस स्टेशनला निघण्याआधी १९३० वर फोन करा. हाताशी ठेवा: व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, पैसे गेले तो यूपीआय आयडी. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आला तरच परत मिळतो. तक्रारीचा क्रमांक मिळाला की मग बँकेत लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.