गाडी धूर ओकतेय? पंप खोलायच्या आधी हे बघा

ट्रकनं धूर सोडला की बेळगावात काय नि निपाणीत काय, ड्रायव्हरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मिस्त्री, पंप उतरवा." हा पंप म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा डिझेल पंप. तो उतरवला की गाडी उभी आणि मालकाच्या खिशाला चाट. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा: धुराचा रंग, त्याचा वास आणि तो नेमका कधी येतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आपल्याकडं बहुतेक वेळा हवाच कमी पडते. खानापूर-जांबोटीची तांबडी माती आणि हंगामात उसाच्या फडातला फुफाटा, यानं एअर फिल्टर लवकर चोंदतो. हवा मारून तोच परत बसवू नका. जोरात हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात आणि माती थेट इंजिनात जाते. नवा घाला.

फिल्टर बरा असेल तर टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडं (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडं जाणारे रबरी होस तपासा. चीर वरून दिसत नाही. वळणाच्या खालच्या अंगाला, क्लिपजवळ असते. इंजिन बंद करून तिथं बोट फिरवा. तेलकट लागलं आणि त्यावर धूळ चिकटलेली असली तर चीर तिथंच. अशी गाडी तवंदी घाटात काळा धूर काढते, पण ओढत नाही.

मग नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट जरा सैल करा. ज्या सिलिंडरला धूर कमी होईल, तिथलं नोझल गळतंय. कॉमन रेल गाडीवर, म्हणजे जिथं सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं, हे चुकूनही करू नका. तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीत घुसते. ती गाडी स्कॅनरवरच बघायची. आणि बीएस-सहाची (प्रदूषणाच्या नव्या नियमातली) गाडी काळा धूर सोडत असेल तर डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनमधला काजळी अडवणारा फिल्टर, फुटलाय किंवा कुणीतरी काढलाय, असं समजा.

एवढं करूनही काळा धूर हटला नाही, गाडीत ओव्हरलोडही नाही, तर मग खुशाल पंप उतरवा.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. चोर्ला घाट गिअरमध्ये उतरून खाली ॲक्सिलेटर दाबल्यावर एकदम निळा लोट आला, तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) नि त्यांची सीलं गेली. चढाला सारखाच येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. इंजिन गार असताना टर्बोचा होस काढून पंखा हलवा. आडवा थोडा खेळ असतोच. पाती घासली किंवा पंखा पुढं-मागं सरकला की टर्बो गेला. ऑईलची रिटर्न लाईन चोंदली तरी टर्बो ऑईल फेकतो, तीही बघा.

थंडीत सकाळी येणारा पांढरा धूर गाडी तापली की जातो, त्याची काळजी नको. गरम झाल्यावरही राहिला आणि डोळे चुरचुरले तर ते न जळलेलं डिझेल: टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) चुकलंय, नोझल बिघडलंय नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरातला हवेचा दाब) कमी आहे. पण वास गोडसर असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड नि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं असं धरा. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा, पाण्यात सतत बुडबुडे आले की खात्री. अशी गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. सिलिंडरमध्ये पाणी साठलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.