आंतरतारकीय मालवाहू जहाजाची कथा लिहिताय? या चुका टाळा

जहाज सुटतं, माल पोहोचतो, व्यापारी गब्बर होतो, आणि तरी कथा पटत नाही. दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या वर्णनात नसतो, हिशेबात असतो. म्हणून लिहायला बसण्याआधी अंतर, वेग आणि व्याजदर हे तीन आकडे पक्के करा. इथे सूर्याला सर्वात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी धरू: अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, वेग प्रकाशाच्या १० टक्के, प्रवास सुमारे ४२ वर्षं.

गहू, लोखंड, पाणी भरणं

इंजिनात काहीच वाया जात नाही असं मानलं, तरी १ किलो मालाला हा वेग द्यायला साधारण १२.५ कोटी युनिट ऊर्जा लागते. युनिटला ८ रुपये धरले तर किलोमागे १०० कोटी रुपये! असल्या भाड्यात खनिज परवडणारच नाही. ते तिकडच्या लघुग्रहांवर खणणं स्वस्त. यंत्रांचे आराखडे, जनुकक्रम, संगीत हे सगळं लेसर-संदेशाने सव्वाचार वर्षांत पोहोचतं. मग जहाजात काय भरायचं? ज्याची प्रत संदेशातून पाठवता येत नाही तेच: मूळ कलाकृती, जिवंत बियाणं, किंवा तिथे अजून कोणालाच बनवता न येणारं एखादं यंत्र. कथेचा जीव या निवडीत असतो, तेव्हा इथे घाई करू नका.

व्याज विसरणं

मालात अडकलेल्या पैशावर ५ टक्के चक्रवाढ व्याज लावा. ४२ वर्षांत रक्कम जवळजवळ ८ पट होते. परतीच्या मालाचे पैसे हाती येईपर्यंत ६० पटींच्या वर. दोन-तीनपट नफ्यावर खूश होणारा व्यापारी प्रत्यक्षात बुडालेला असतो. व्याज कुठल्या घड्याळाने मोजायचं? अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७८ मध्ये या प्रश्नावर निबंधच लिहिला: जहाजावरच्या नव्हे, ग्रहांवरच्या घड्याळाने. तसंही १० टक्के वेगाला ४२ वर्षांत खलाशांचं घड्याळ जेमतेम अडीच महिने मागे पडतं. कप्तान तरुण परतायला हवा असेल तर वेग ८७ टक्क्यांपुढे न्या (तिथे काळ निम्म्या गतीने चालतो) आणि ऊर्जेचा हिशेब नव्याने मांडा.

मागणी नोंदवल्यापासून माल मिळेपर्यंत ४६-४७ वर्षं जातात. त्यामुळे करार व्यक्तीशी नको, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या संस्थेशी दाखवा.

थांबायचं इंधन न मोजणं

इंजिनातून पदार्थ प्रकाशाच्या ३ टक्के वेगाने बाहेर पडतो असं धरा. फक्त वेग घ्यायचा असेल तर पोहोचणाऱ्या दर टनामागे निघताना २८ टन वजन लागतं. इंजिनानेच थांबायचंही असेल तर ते दुप्पट होत नाही, २८ गुणिले २८, म्हणजे ७८० टनांच्या आसपास जातं, कारण थांबण्याचं इंधनही आधी पळवावं लागतं. उपाय दोन: वेग घेताना मागून लेसरचा रेटा, थांबताना चुंबकीय शीड (ताऱ्यांमधल्या विरळ वायूला अडून वेग कमी करणारं चुंबकीय क्षेत्र). निदान एक तरी वापराच.

मजले विमानासारखे जहाजाच्या लांबीच्या दिशेने टाकणं

इंजिन चालू असताना ‘खाली’ म्हणजे इंजिनाकडे. म्हणून मजले उंच इमारतीसारखे एकावर एक हवेत. पण पृथ्वीइतक्या त्वरणाने हा वेग ३५ दिवसांतच गाठला जातो. पुढची दशकं वजनरहित. खलाशांसाठी फिरतं कडं द्या: मिनिटाला २ फेऱ्या, त्रिज्या सुमारे २२४ मीटर. माल कड्याबाहेर, जहाजाच्या अक्षाभोवती समतोल रचा. भार एका बाजूला कलला तर इंजिनाचा रेटा जहाजच गोल फिरवतो.

‘अंतराळ थंड, मग उष्णतेची काय चिंता?’

निर्वातात उष्णता फक्त किरणांवाटे जाते. १ गिगावॉट टाकाऊ उष्णतेला १,००० केल्व्हिन तापमानाचं, दोन्ही बाजूंनी किरणं फेकणारं सुमारे ८,८०० चौरस मीटरचं पॅनेल लागतं. वर्णनात ही पंखं दिसलीच पाहिजेत.

धूळही सोडू नका. या वेगाला १ मिलिग्रॅम कण १०० किलोहून जास्त टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा घेऊन आदळतो. नाकाशी बर्फाची जाड ढाल ठेवा, माल तिच्या सावलीत, आणि वेग कमी करायला जहाज उलटं वळवलं की ढालीची बाजू बदलते हेही लिहा.