कर्जाच्या कागदावर 'फ्लॅट' दिसला तर

कापसाचे पैसे आले की जळगाव-धुळ्याच्या शोरूममध्ये मोटारसायकलची चौकशी वाढते. तिथे 'फक्त १० टक्के फ्लॅट' ऐकलं की जरा थांबा. फ्लॅट म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. १ लाखाला ३ वर्षांत ३०,००० रुपये व्याज, हप्ता सुमारे ३,६११. तेच १० टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, असतील तर व्याज साधारण १६,२००. म्हणजे फ्लॅटचे १० खरे तर १८ च्या घरात! सेल्समन हे आपणहून सांगेल, ही आशा नको. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी-खर्चांचा तक्ता, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. दोन ठिकाणचे दर ताडायचे तर त्यातला एपीआर, म्हणजे व्याज आणि शुल्क धरून येणारा वार्षिक दर, तोच धरा. पतसंस्थेत सरळ विचारा, "भाऊ, व्याज घटत्या शिलकीवर लावता ना?"