बायोमेडिकल प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा, नाहीतर शेवटच्या महिन्यात सगळं अडतं

मागे एका ग्रुपने बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बनवून आणला होता, मॅक्स३०१०२ सेन्सर, छोटी स्क्रीन, सोल्डरिंग एकदम व्यवस्थित, आणि रिपोर्टमध्ये लिहिलेलं की विकतच्या मीटरच्या तुलनेत सरासरी चूक फक्त १ टक्का. टेस्ट केली होती दहा मित्रांवर. मी एकच विचारलं, समजा तुमच्या डब्यात सेन्सरच नाहीये आणि स्क्रीनवर कायम ९८ दिसतंय, तर त्याची चूक किती येईल? मुलांनी तिथेच हिशोब केला, तर तीही १ च्या आसपासच, कारण धडधाकट तरुण माणसाचा ऑक्सिजन बसल्या जागी ९६ ते ९९ मध्येच असतो. सगळे गप्प. मेहनत खरी होती, सर्किट चांगलं होतं, पण त्या टेस्टने काहीच सिद्ध झालं नव्हतं, आणि हे सहा महिन्यांनी कळलं याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो: काहीच न करणाऱ्या यंत्राशी तुलना न करणं. अशा तुलनेला बायोलॉजीवाले कंट्रोल म्हणतात, मशीन लर्निंगवाले बेसलाइन म्हणतात, आणि दोघं एका ग्रुपमध्ये आले की प्रत्येकाला वाटतं हे समोरचा बघतोय.

बरं मग ऑक्सिमीटरचं करायचं काय? ऑक्सिजन खाली आणायला मित्रांना श्वास रोखायला लावू नका, प्लीज. कंपन्या हे कॅलिब्रेशन डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, साधारण ७० ते १०० टक्क्यांच्या रेंजमध्ये करतात. इंटरनेटवर जो ११० वजा २५ आर (आर म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड सिग्नलचं गुणोत्तर) हा फॉर्म्युला मिळतो तो नुसता अंदाज आहे, तुमच्या सेन्सरसाठी तो कोणी तपासलेला नाही. त्यापेक्षा जे खरंच बदलतं ते मोजा, म्हणजे नाडी. जिने चढण्याआधी आणि नंतर बघा, तिथे "कायम ९८" छाप यंत्र लगेच उघडं पडतं. आणि टेस्टला सगळ्या त्वचेच्या रंगांची माणसं घ्या. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटवरचा अभ्यास आला होता, त्यात मीटर ठीक दाखवतोय पण रक्तात ऑक्सिजन कमी आहे असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्या पेशंटपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा सापडलं होतं, आणि ते हॉस्पिटलमधले मीटर होते, आपल्या ब्रेडबोर्डवरचे नव्हे.

९९ टक्के ॲक्युरसी आली की आधी घाबरा

ईसीजीवरून अॅरिथमिया, म्हणजे हृदयाचे बिघडलेले ठोके, ओळखणारे प्रोजेक्ट खूप येतात आणि जवळजवळ सगळे एमआयटी-बीआयएच हा ईसीजीचा पब्लिक डेटाबेस वापरतात. डेटाबेस छानच आहे, १९७५ ते १९७९ मध्ये रेकॉर्ड केलेला, अर्ध्या-अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, सेकंदाला ३६० सॅम्पल, आणि लाखाच्या वर ठोके डॉक्टरांनी तपासून मार्क केलेले. अडचण वापरण्यात आहे. मुलं काय करतात, सगळे ठोके एकत्र करतात, पिसतात, ८० टक्के ट्रेनिंगला आणि २० टक्के टेस्टला. आता एकाच माणसाचे ठोके एकमेकांसारखे असतात, त्यामुळे टेस्टमधल्या प्रत्येक ठोक्याचा जुळा भाऊ ट्रेनिंगमध्ये बसलेला असतो, मॉडेल आजार शिकतच नाही, ते माणूस ओळखायला शिकतं. नवा पेशंट आला की गडगडतं.

उपाय सोपा आहे, आकडा मात्र खाली येतो. वाटणी पेशंटनुसार करा, एक माणूस पूर्ण इकडे नाहीतर पूर्ण तिकडे. त्यातही एक खाच आहे: रेकॉर्डिंग ४८ असली तरी माणसं ४७ आहेत, २०१ आणि २०२ नंबरची रेकॉर्डिंग एकाच माणसाची, ती वेगवेगळ्या बाजूला गेली तर परत तेच. दुसरं म्हणजे त्यात नॉर्मल ठोकेच जास्त आहेत, त्यामुळे डोळे मिटून "नॉर्मल" म्हणणारा प्रोग्रामसुद्धा चांगले मार्क मिळवतो. म्हणून ठोक्याच्या प्रत्येक प्रकारासाठी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्या प्रकारचे किती टक्के ठोके पकडले, वेगळी लिहा. ९९ चे ८० झाले तरी चालेल, ते ८० तुमचे स्वतःचे असतात आणि व्हायवात ते तुम्हाला समजावून सांगता येतात.

नाडी १३५ दाखवतेय, माणूस तर शांत बसलाय

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा पाहिलाय की आता मी सर्किट बघतच नाही, आधी कोडमधली सिरीयल प्रिंटची, म्हणजे बोर्डवरून लॅपटॉपला आकडे पाठवणारी, लाइन बघतो. ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे डेटा पाठवायचा वेग) सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. तीन आकडी रीडिंग आणि लाइन संपल्याची दोन अक्षरं धरली की एका सॅम्पलला ५, म्हणजे सेकंदाला जेमतेम १९२ सॅम्पल. आणि कोडमध्ये तुम्ही गृहीत धरलंय ३६०! मग ७२ ची नाडी बरोबर १३५ दिसते आणि मुलं दोन आठवडे फिल्टर बदलत बसतात. बॉड रेट १,१५,२०० करा, सॅम्पलिंग टायमर इंटरप्टवर (चिपच्या घड्याळाने ठरल्या वेळी चालणाऱ्या कोडवर) घ्या, डिले या थांबायच्या कमांडवर विसंबू नका, आणि सॅम्पलसोबत वेळ पण सेव्ह करा म्हणजे खरा रेट नंतर तपासता येतो.

सिग्नलमध्ये घरच्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची जाड पट्टी दिसत असेल तर लगेच नॉच फिल्टर (तेवढीच फ्रीक्वेन्सी कापणारा) टाकू नका. आधी इलेक्ट्रोड सुकलेत का बघा, त्वचा पुसून नवीन लावा, वायरी एकमेकींना पीळ घालून जवळ ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यानेच निम्मं काम होतं. लॅपटॉपचा चार्जर तर काढायचाच, आणि तो नुसता नॉइजसाठी नाही. माणसाच्या अंगाला इलेक्ट्रोड लावलेत आणि लॅपटॉप भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला आहे असं कधीच करू नका, चार्जर बिघडला तर करंटचा रस्ता छातीतून जातो. बॅटरीवर चालवा, डेटा ब्लूटूथने पाठवा, आणि इलेक्ट्रोड अंगावर असताना ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप सर्किटला लावू नका कारण ती थेट अर्थिंगला जोडलेली असते. यात मी कोणाचंही "पाचच मिनिटं सर" ऐकत नाही.

सेल कल्चरवाल्यांसाठी

इथे काहीच न करणारं यंत्र म्हणजे औषधाशिवायचा वेल (प्लेटमधला सेल वाढवायचा खड्डा), पण त्यात नुसतं मीडियम, म्हणजे सेलचं पोषक द्रव, घालून चालत नाही. औषध डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलं असेल तर कंट्रोलमध्येही तेवढाच डीएमएसओ हवा, नाहीतर सेल औषधाने मेल्या की डीएमएसओने हे कोण सांगणार? एकाच प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग तीनदा मोजलाय, एन (प्रयोगांची संख्या) बरोबर ३ लिहायचं तर वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या सेलवर परत करावं लागतं. आणि सेल कारण नसताना हळू वाढायला लागल्या, रिझल्ट दर आठवड्याला बदलायला लागले तर मायकोप्लाझ्मा या बारीक बॅक्टेरियाची टेस्ट करा. तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडियम गढूळ होत नाही, सेल वॉल नसल्यामुळे पेनिसिलिनने मरत नाही, त्यामुळे "आम्ही अँटिबायोटिक घालतो" हे उत्तर पुरत नाही.

स्कॅफोल्ड (सेल वाढायचा सांगाडा) किंवा होल्डर थ्रीडी प्रिंट करत असाल तर एक छोटीशी गोष्ट: पीएलए हे प्रिंटिंगचं प्लास्टिक ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालतो १२१ ला. आत गेलेलं डिझाइन बाहेर येत नाही, पसरट काहीतरी येतं. मटेरियल ठरवतानाच निर्जंतुक कसं करणार ते ठरवा.

तुमच्या आणि विकतच्या यंत्राच्या रीडिंगमध्ये कोरिलेशन (दोन आकडे किती सोबत वरखाली होतात याचं माप) ०.९८ आलं म्हणून दोन यंत्रं जुळली असंही लिहू नका. तुमचा मीटर दरवेळी बरोबर १० ने जास्त दाखवत असेल तरी कोरिलेशन १ येतं. ब्लांड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच यावर साधा मार्ग सांगितलाय, दोन्ही रीडिंगमधला फरक उभ्या अक्षावर, सरासरी आडव्या अक्षावर, आणि मग बघा फरक किती आहे, कुठे वाढतोय. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटचं एथिक्सचं. माणसांचा डेटा घ्यायचा असेल, अगदी हॉस्टेलच्या मित्रांचा, तरी एथिक्स कमिटीची परवानगी डेटा घ्यायच्या आधी लागते, नंतर मागून ती सहसा मिळत नाही आणि मग गोळा केलेला डेटा वापरता येत नाही. मंजुरीला आठवडे जातात, म्हणून विषय नक्की झाला की पहिल्याच आठवड्यात फॉर्म द्या. तोपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, पेशंट सिम्युलेटर (माणसासारखे सिग्नल देणारं यंत्र) मिळाला तर त्यावर नाहीतर सिग्नल जनरेटरवर सर्किट तपासा, पब्लिक डेटाबेसवर कोड चालवा, आणि तो कायम ९८ दाखवणारा खोटा प्रोग्राम लिहून त्याचे आकडे वहीत पहिल्या पानावर टाकून ठेवा.