चालत्या गाडीत मेसेज न पाठवता ट्रान्सपोर्टचा धंदा कसा चालवायचा

ड्रायव्हरच्या हातातला फोन सुटावा असं वाटत असेल, तर सुरुवात ड्रायव्हरपासून करू नका, ऑफिसपासून करा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. काही छोटे हत्ती (टाटा एस टेम्पो), पिकअप आणि एक आयशर ट्रक. गाड्यांचं मिस्टर बघतात. फोन, बिल्ट्या (गाडीबरोबर द्यायच्या मालाच्या पावत्या) आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे. "ड्रायव्हर लोक ऐकतच नाहीत हो वहिनी," असं कोणी गाडीमालक म्हणाला की मी त्याला त्याचंच व्हॉट्सॲप उघडायला लावते. बहुतेक वेळा ड्रायव्हर फोन बघतो कारण पलीकडे मालक असतो, आणि नाही बघितला तर संध्याकाळी बोलणी खावी लागतात.

कायद्याचं आधी उरकून टाकू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाडी चालवताना फोन हातात घेऊन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. २०२० च्या नियमांनी फोनवर नकाशातला रस्ता बघण्यापुरती सूट दिली, तीही लक्ष ढळणार नाही अशा बेताने. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून दंड असा: दुचाकीला १,०००, चारचाकीला २,०००, इतर वाहनांना ४,०००, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,०००. लायसन्स निलंबित होऊ शकतं ते वेगळंच. सिग्नलला उभं असताना बघितला, ही सबब चौकातला हवालदार ऐकून घेत नाही.

मुलाला कॉलेजात वादविवादाला विषय आला होता, शहरांनी अशी बंदी घालावी का. मी म्हटलं, आपल्याकडे देशाचाच कायदा आहे, शहराने आणखी काय घालायची? त्याने शोधून काढलं की अमेरिकेत फिनिक्स शहराने २००७ मध्येच गाडीतल्या मेसेजवर स्वतःची बंदी आणली आणि ते शहर ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनाचा कायदा व्हायला २०१९ उजाडलं. तिकडे शहराने पुढाकार घेतला ते ठीकच. आपल्याकडे महापालिकेला काही करायचंच असेल तर टेम्पो पाच मिनिटं बाजूला घ्यायला जागा द्यावी. आडगावला ट्रक टर्मिनस आहे, पण अंबडहून सिन्नरला निघालेला टेम्पो फोन घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार आहे का? असो.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात ड्रायव्हरांना पाठवलेले सगळे मेसेज वर सरकवत वाचा. रात्री जेवण झाल्यावर, शांतपणे. फार प्रकार निघत नाहीत.

सगळ्यात जास्त असतो तो "कुठे पोचला?" याला उत्तर ड्रायव्हरने द्यायचंच नाही. गाडीची किल्ली फिरवण्याआधी त्याने ऑफिसच्या नंबरला लाइव्ह लोकेशन पाठवायचं. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय येतात. आठ तासांचा घ्यायचा, चाकणपर्यंत पुरून उरतो. आमच्याकडे लोकेशन आल्याशिवाय बिल्टी हातात मिळत नाही. प्रत्येक गाडीत चार्जरची वायर ठेवा, कारण लोकेशन बॅटरी खातं आणि "चार्जिंग संपलं" ही सबब तयारच असते. कसारा घाटात रेंज जाते, नकाशावरचा ठिपका एका जागी गोठतो. तेव्हा लगेच फोन फिरवू नका. शहापूरच्या अलीकडे तो आपोआप हलायला लागतो.

दुसरा प्रकार खरा घातकी: "मामा, आधी माळेगावचं खाली करा, मग मुसळगाव." (दोन्ही सिन्नरजवळच्या एमआयडीसी.) हा मेसेज नुसता वाचून भागत नाही. डोक्यात रस्ता बदलायचा, माल मागे कुठे लावलाय ते आठवायचं, वर "ओके" टाइप करायचं, आणि हे सगळं मोहदरी घाटात. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाच सेकंद मान खाली म्हणजे ८० मीटरहून जास्त रस्ता न बघता कापला. पुढच्या उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा असतोच असं नाही.

म्हणून गाडी सुटायच्या आधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करते: माल घ्यायला माणूस आहे ना, गेटपास झालाय ना, जेवणाची सुट्टी किती वाजता. उतरवायचा क्रम बिल्टीच्या मागे पेनाने लिहून देते. त्यानंतर कोणी बदल सांगितला तर तो पुढच्या थांब्यापर्यंत माझ्या वहीत राहतो. त्यापायी कधी गाडी माळेगाव ओलांडून पुढे जाते आणि परत आणावी लागते. डिझेल जळतं, मिस्टर कुरकुरतात. जळू दे.

थांबे आधीच ठरवून द्या, आणि नाव घेऊन. "मध्ये कुठेतरी थांबून फोन बघ" म्हटलं की तो कुठेच थांबत नाही. चाकणच्या गाडीला आमचे थांबे सिन्नरनंतरचा पंप, आळेफाटा आणि राजगुरुनगर. भिवंडीच्या गाडीला घोटी आणि शहापूर. थांबा म्हणजे पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात, इंजिन बंद करून. हायवेच्या कडेला पट्टीवर इंडिकेटर लावून उभं राहणं आमच्याकडे थांबा धरत नाहीत, मागून येणारा कंटेनर ते इंडिकेटर बघेल याची काय खात्री? थांब्यावर ड्रायव्हर चहा सांगतो आणि चहा येईपर्यंत मला फोन करतो. वहीत साठलेलं सगळं तेव्हा सांगायचं, एकदाच.

ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), इन्व्हॉइस, गेटपासचे फोटो हे ड्रायव्हरला निघण्याआधीच पाठवायचे. छापील कागद असेल तर उत्तमच. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

फोनमधल्या सेटिंगवर लोक फार बोलतात. माझ्या मते तो शेवटचा भाग आहे, पण करून ठेवा. अँड्रॉइडला "डू नॉट डिस्टर्ब" आणि आयफोनला "ड्रायव्हिंग फोकस" चालू केलं की मेसेजचा टुंग आवाज बंद. दोन्हींत एक सोय असते: त्याच माणसाचा लगोलग दुसरा कॉल आला तर घंटी वाजू द्यायची. अँड्रॉइडला दुसरा कॉल पंधरा मिनिटांच्या आत यावा लागतो, आयफोनला तीन मिनिटांच्या. ती सोय चालू ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. लागोपाठ दोन कॉल म्हणजे खरंच काहीतरी झालंय. अशा वेळीही ड्रायव्हरने फोन उचलायचा नाही. पहिला पंप किंवा ढाबा दिसला की गाडी आत घेऊन उलट फोन करायचा. घरच्यांना हे समजावण्याचं काम मी स्वतः केलं, बायकांशी बाईनेच बोललेलं बरं. पोराला व्हिडिओ कॉलवर बाबा दाखवायचे ते रात्री.

फोन ठेवायचा कुठे, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मिस्टरांना काचेवरचा होल्डर चालतो, नकाशा दिसतो म्हणून. मला नाही चालत. डोळ्यांसमोर उजळणारा पडदा असला की माणूस बघतोच, हात लावायचाही बाकी राहत नाही. नेहमीच्या रस्त्याला फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो, नवीन पत्ता असेल तरच होल्डर. ब्लूटूथवर बोलण्याचंही मला कौतुक नाही. हात मोकळे असतात, पण भाव ठरवत असलेल्या माणसाचं लक्ष रस्त्यावर कितीसं असणार?

गिऱ्हाइकांना हे पटवणं सगळ्यात अवघड. त्यांना ड्रायव्हरचा नंबर हवाच असतो. बिल्टीच्या तळाशी आम्ही हे छापून घेतलंय, हवं तर जसंच्या तसं उचला:

"आमचे ड्रायव्हर गाडी चालवताना फोन व मेसेज घेत नाहीत. गाडीची चौकशी ऑफिसच्या नंबरवर करावी. उत्तर लगेच मिळेल."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, आणि ते पाळावं लागतं. ऑफिसचा फोन दुसऱ्या घंटीला उचलला गेला नाही, तर गिऱ्हाईक ड्रायव्हरचा नंबर कुठूनही पैदा करतं. एक कंपनी होती, त्यांच्या स्टोअरमधले साहेब गाडी फाट्यावर वळेपर्यंत पाच-सहा वेळा ड्रायव्हरलाच फोन करायचे. "तुमचा माणूस उचलत नाही" म्हणून त्यांनी भाडं दुसऱ्याला दिलं. चांगलं भाडं होतं. गेलं.

ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, त्यावर तारीख आणि वेळ असते. ते आलं की ड्रायव्हरला हाक मारण्याआधी ती वेळ आपल्या ऑफिसच्या फोनमधल्या कॉल आणि मेसेजशी ताडून बघा. आपलाच कॉल त्या मिनिटाला निघाला, तर दंड धंद्याच्या खात्यातून भरायचा आणि कॉल कोणी केला ते वहीत लिहायचं. मिस्टरांचं नाव त्या वहीत आहे. ड्रायव्हर स्वतःच्या हौसेने रील बघत होता असं निघालं, तर दंड त्याचा. हे आधीच, कामावर ठेवताना, पगाराच्या बोलण्याबरोबर सांगून टाका. महिनाअखेरीस पैसे कापताना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या ट्रान्सपोर्टमध्ये दिसेल.