गरोदर बाईला मनाचं कसं विचारायचं

मी नागपुरात आशा सेविका म्हणून काम करते. गेल्या मे महिन्यात एका घरी गेले. सातवा महिना, कूलर धडधडतोय, ताटातली पोळी वातड झालेली. सासू म्हणे, "खात नाही, नुसती थेरं." पोरगी म्हणे, "काही नाही व ताई, बरं आहे." मी लोहाच्या गोळ्या मोजल्या. तीसातल्या सव्वीस तशाच!

तेव्हापासून आधी गोळ्या मोजते, मग सासूबाईंना चहा मांडायला पाठवते. एकटी असल्याशिवाय कोणी बोलत नाही.

"उदास वाटतं का?" असं विचारलं की उत्तर 'नाही'च येतं. त्यापेक्षा विचारा: आवडीचं काय काय सुटलं? बाळ हललं की कसं वाटतं? झोप-भूक तर गरोदरपणात अशीही बिघडते. पण दोन आठवडे कशातच जीव रमत नसेल, 'मी आई व्हायच्या लायकीची नाही' असं घोकणं चालू असेल, तर ते डोहाळे नव्हेत, नैराश्य असू शकतं. हिमोग्लोबिन, थायरॉइडही तपासून घ्या, थकवा त्यानेही येतो. आणि मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांना मी एवढंच सांगते: अशी बाई जेवत नाही, तपासणी चुकवते. बाळ 37 आठवड्यांआधी येण्याचा, अडीच किलोहून कमी भरण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतरही हे दुखणं मागे राहू शकतं. धोका वाढतो म्हणजे तसं होतंच असं नाही, आणि उपचाराने बाई बरी होते. "तू रडलीस तर पोर रडकं होईल" हे मात्र तिच्यासमोर कोणी बोलायचं नाही. आधीच ती स्वतःला कोसत असते.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-बेरात्री 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, मोफत आहे. आधीपासून मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. काही औषधं गरोदरपणात चालतात, व्हॅल्प्रोएटसारखी टाळतात. ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नाही.

त्या पोरीला नवरा दवाखान्यात घेऊन गेला. जुलैत लोहाच्या गोळ्या मोजल्या तर सहा उरलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "काहून मोजता व एवढं?" मी म्हटलं, चहात साखर कमी पडली.