शिंजुकू ग्योएनमधला साकुरा: दिवस, दार, चटई आणि डबा

तोक्योला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला येणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकच चुकतं. विमानाचं तिकीट काढतानाच ते फुलांचा दिवस ठरवून टाकतात. फुलं मात्र थंडीच्या हिशेबाने येतात आणि तो हिशेब दर वर्षी वेगळा असतो. म्हणून दिवस मोकळा ठेवायचा आणि बाग आधी ठरवायची. बाग ठरवायचीच असेल, तर आमचं मत शिंजुकू ग्योएनला.

कारण साधं आहे. उएनोसारख्या बागेत सगळा भर सोमेइ योशिनो या एका जातीवर असतो. तिचे सात-आठ दिवस हुकले की मोठा बहर संपला. शिंजुकू ग्योएन ५८.३ हेक्टरची बाग आहे, तिथे साकुराची हजाराच्या आसपास झाडं आहेत आणि जाती साठांहून अधिक. फेब्रुवारीत कानझाकुरा फुलतो, मार्चच्या उत्तरार्धात खाली झुकलेल्या फांद्यांचा शिदारेझाकुरा, मग सोमेइ योशिनो आणि एप्रिलच्या मध्यावर दाट पाकळ्यांच्या जाती. चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी रिकाम्या हाताने परत यावं लागत नाही. शिवाय इथे दारू न्यायला बंदी आहे. फुलांखाली पिण्याची मैफल जमवायची असेल त्याने दुसरीकडे जावं. लहान मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा बरोबर असतील, तर इथला शांतपणा फार मोलाचा वाटतो.

दिवस कसा ओळखायचा

जपानची हवामान संस्था तोक्योसाठी यासुकुनी देवळाच्या आवारातलं एक ठरावीक झाड बघते. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की 'काइका', म्हणजे बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की 'मानकाइ', पूर्ण बहर. सरासरीने तोक्योचा काइका २४ मार्चला आणि मानकाइ ३१ मार्चला येतो. पण सरासरीवर विसंबू नका. २०२०, २०२१ आणि २०२३ मध्ये काइका १४ मार्चलाच झाला, तर २०२४ मध्ये २९ मार्च उजाडला. एवढा पंधरा दिवसांचा फरक पडतो.

घरबसल्या अंदाज बांधायची एक जपानी रीत आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान अंश सेल्सिअसमध्ये मांडत जायचं. बेरीज ६०० च्या जवळ आली की फुलं दारात आली असं समजायचं. यामागे झाडाचा स्वभाव आहे. फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, हिवाळ्यात झोपतात, आणि पुरेशी थंडी खाल्ल्यावरच त्यांची झोप मोडते. त्यानंतर ऊब मिळेल तसतशा त्या फुगतात. हा आडाखा ढोबळ आहे, पण सुट्टी कधी टाकायची एवढं मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यावरून नक्की ठरवता येतं.

सगळा सोमेइ योशिनो एकदम का फुलतो, हेही हापूसची कलमं ओळखणाऱ्याला लगेच कळेल. ही सगळी झाडं कलमाने वाढवलेली, एकाच झाडाची रूपं आहेत. एकाच भागात सारखी हवा मिळाली की ती सारखीच वागतात. उन्हाकडची फांदी दोन दिवस आधी उमलते, एवढाच काय तो फरक.

काइकापासून साधारण पाचव्या दिवसापासून मानकाइनंतरच्या चौथ्या दिवसापर्यंतचा काळ जायला सर्वांत चांगला. या काळात पाऊस पडला तर लगेच हिरमुसू नका. नुकतं उमललेलं फूल पावसाला सहज दाद देत नाही. मानकाइ उलटल्यावर आलेला जोराचा वारा मात्र एका दुपारीत झाड रिकामं करतो. मधेच थंडी परतली तर तो फायदाच समजा. फुलांच्या दिवसांतल्या या गारठ्याला जपानीत 'हानाबिए' म्हणतात, आणि त्याने बहर लांबतो.

झाड कितव्या दिवसात आहे हे फुलाच्या पोटात डोकावून कळतं. ताज्या सोमेइ योशिनोचा मध्य फिकट, हिरवट-पांढरा असतो. दिवस सरतील तसे पुंकेसरांचे दांडे आणि फुलाचा तळ लाल होत जातो. लांबून झाड गुलाबी जास्त दिसायला लागलं आणि जवळून प्रत्येक फुलाच्या मध्यावर कुंकवाचा ठिपका दिसला, की पाकळ्या आता एक-दोन दिवसांच्या सोबती. गळतीच्या त्या दिवशी जायलाही कचरू नका. पाकळ्या एकेक सुटून वाऱ्यावर येतात आणि तळ्याच्या कडेला त्यांचा तराफा साचतो. साकुराची पाकळी सुटी गळते, प्राजक्तासारखं अख्खं फूल खाली येत नाही. झाडाखाली देठासकट पाचही पाकळ्यांची फुलं पडलेली दिसली, तर वर चिमण्या आहेत असं समजा. मधासाठी त्या फूल बुडाशीच तोडतात आणि ते भिरभिरत खाली पडतं. फांद्यांवर हिरवे पोपट दिसले तर दचकू नका. ते आपल्याकडचेच, पिंजऱ्यातून सुटून तोक्योत स्थिरावलेल्या पोपटांचे वंशज.

ज्यांचा प्रवास एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आहे त्यांनी 'साकुरा हुकला' म्हणून हळहळू नये. या बागेची खरी श्रीमंती तेव्हाच दिसते. इचियो नावाच्या जातीचं फूल तळहातावर धरल्यासारखं जवळून बघा (तोडू नका): फिकट गुलाबी पाकळ्यांच्या दाटीतून मधोमध एक बारीक हिरवं पान वर आलेलं असतं. ते पान म्हणजे पानासारखा झालेला स्त्रीकेसर. 'इचियो' म्हणजे एक पान, नाव त्यावरूनच पडलं. फुगेन्झोच्या फुलात अशी दोन पानं असतात आणि ती हत्तीच्या सुळ्यांसारखी वळतात. कानझान गडद गुलाबी आणि गेंदेदार. उकोन पिवळसर, ग्योइको चक्क हिरवट. या दोघांसमोरून लोक झाडाला फक्त पालवी आली आहे असं समजून पुढे निघून जातात.

कुठल्या दाराने जायचं

बागेला तीन दारं आहेत: शिंजुकू, ओकिदो आणि सेंदागाया. शिंजुकू स्टेशनच्या दक्षिण दाराने चालत दहा मिनिटांत येणारी सगळी गर्दी शिंजुकू दारावर आदळते. म्हणून शक्यतो सेंदागाया दार धरा. जेआर सेंदागाया स्टेशनपासून ते पाच मिनिटांवर आहे आणि आत शिरल्यावर साकुराची झाडी जवळच लागते. निशि-कासाई या भारतीयांच्या वस्तीच्या भागातून येणाऱ्या आपल्या मंडळींनी तोझाइ लाइनने इइदाबाशीला उतरावं आणि तिथून जेआरच्या पिवळ्या पट्ट्याच्या चुओ-सोबु लोकलने सेंदागायाला यावं. ओतेमाचीला मारुनोउची लाइन पकडून शिंजुकू-ग्योएनमाए गाठलं तर बदल सोपा पडतो, पण मग गर्दीच्या दारांपाशीच याल.

तिकीट मोठ्यांना ५०० येन, ६५ वर्षांवरच्यांना आणि विद्यार्थ्यांना २५० येन, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. सवलतीसाठी ओळखपत्र दाखवावं लागतं. आईबाबांचे पासपोर्ट घरी ठेवून आलात तर पूर्ण पैसे पडतात. वर्षाचा पास २,००० येनांना आहे, म्हणजे पाचव्या फेरीपासून फायदा. तोक्योत राहणाऱ्याने पासच काढावा. मग 'आजच सगळं बघून घेऊ' ही घाई सुटते.

एरवी सोमवारी बाग बंद असते, पण २५ मार्च ते २४ एप्रिल रोज उघडी असते. वसंतातली वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आणि शेवटचा प्रवेश ५:३० ला. गेल्या काही वर्षांत बहरातल्या ठरावीक दिवशी, मुख्यतः शनिवार-रविवारी, वेळेचं आगाऊ आरक्षण सक्तीचं असतं. ते दिवस दर वर्षी बदलतात, तेव्हा निघण्याआधी बागेच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासा. आरक्षणाशिवाय दारापर्यंत जाऊन परत फिरणारी कुटुंबं बघवत नाहीत.

जमलं तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी दिवस निवडा आणि पावणेनऊला दाराशी उभे राहा. पहिला तास सोन्याचा. ऊन तिरपं असतं, पाकळ्यांमधून आरपार येतं आणि हिरवळीवर बसायला हवी तशी जागा मिळते. अकरानंतर गर्दी भरते, आणि दुपारी स्वच्छतागृहांपुढे, विशेषतः बायकांच्या, लांब रांगा लागतात. लहान मुलांना लागायच्या आधीच रांगेत उभं करा.

दाराशी पिशव्या तपासतात. दारू, चेंडू-रॅकेट, वाद्यं, ड्रोन, तंबू यांतलं काही नको. पाळीव प्राणी नेता येत नाहीत आणि सिगारेटही चालत नाही.

चटई कुठे टाकायची

झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, हे पहिलं. साकुराची बरीच मुळं जमिनीच्या वरच्याच थरात पसरतात. माणसांच्या वजनाने माती दबली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड वर्षागणिक खंगतं. बुंध्यापासून हटून, हिरवळीच्या कडेला बसा. तिथून अख्खं झाड दिसतं. बुंध्याशी बसलेल्याला फक्त फांद्यांची खालची बाजू दिसते. बागेच्या मधोमध असलेली इंग्रजी धाटणीची मोठी हिरवळ बसायला उत्तम, आणि फिरायला तळ्याकाठची जपानी बाग. रात्रीपासून जागा धरून ठेवायची इतर बागांमधली रीत इथे चालत नाही, कारण बाग रात्री बंदच असते.

प्लास्टिकची चटई शंभर येनच्या दुकानात मिळते. १८० बाय १८० सेंटिमीटरची चटई चार मोठ्या माणसांना पिशव्यांसह पुरते. पण नुसती तीच आणाल तर अर्ध्या तासात उठाल, कारण मार्चअखेरची जमीन गार आणि ओलसर असते. खाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घाला, किंवा घरातली जुनी सतरंजी वर पसरा. चारही कोपऱ्यांवर बाटल्या किंवा चपला ठेवा, नाहीतर वाऱ्याने चटई उलटते आणि डब्यातलं वरण शेजाऱ्यांच्या चटईवर जातं. चटईवर जोडे काढूनच बसायचं, तेव्हा जाड मोजे घाला. तेव्हाचं तापमान दुपारी १५ अंशांच्या आसपास असतं, सावलीत त्याहून कमी वाटतं. पुण्याच्या हिवाळ्याचे कपडे आणि वर वारा अडवणारं जाकीट एवढं हवं.

आणखी एक, जे पहिल्यांदा येणाऱ्यांना माहीत नसतं: हाच काळ 'सुगी' नावाच्या झाडाच्या, म्हणजे जपानी सीडारच्या, परागांचा. डोळे चुरचुरणं, सटासट शिंका हे सर्दीचं नसून त्याचं असू शकतं. मास्क जवळ ठेवा.

डबा

शाकाहारी मंडळींनी डबा घरूनच आणावा. दुकानातल्या बेन्तोत, म्हणजे तयार डब्यात, मांस दिसत नसलं तरी भाज्या बहुधा माशाच्या पाण्यात, 'दाशी'त, शिजवलेल्या असतात. गोडसर तळलेल्या तोफूत भात भरलेली इनारी-झुशीही त्यातच मुरवतात. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, दही-पोहे हे थंडही छान लागतं आणि हाताने खाता येतं. गरम करायची सोय नाही, विस्तव पेटवता येत नाही. चहाचा थर्मास मात्र विसरू नका.

गोडाला साकुरामोची घ्या. तोक्योकडच्या प्रकारात पातळ गुलाबी धिरडं असतं, आत लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचं पुरण आणि बाहेरून खारवलेलं साकुराचं पान. पान खायचं असतं. खारट-गोड एकत्र आलं तरच चव कळते. गुलाबी, पांढरा, हिरवा अशा तीन गोळ्यांची हानामी-दांगोची काडी मुलांना आवडते. ते तांदळाच्या पिठाचे चिवट गोळे असतात, तेव्हा लहानग्यांना बारीक तुकडे करून द्या आणि जवळ बसा.

डबा उघडा ठेवून फोटो काढायला जाऊ नका. तोक्योचे कावळे मोठ्या चोचीचे आणि धीट आहेत. कचरा घरी न्यायचा, त्यासाठी दोन पिशव्या आणा.

फोटो काढताना

सोमेइ योशिनो डोळ्यांना गुलाबी भासला तरी जवळजवळ पांढराच असतो. ढगाळ आभाळासमोर धरला की फोटोत राखाडी येतो, कारण कॅमेरा उजेड जास्त समजून चित्र काळवंडतो. फोनवर फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवा. त्याहून सोपं म्हणजे मागे गडद काहीतरी शोधा: पाणी किंवा देवदाराची काळपट हिरवी झाडी. फांदी हाताने खाली ओढू नका. 'साकुरा छाटतो तो मूर्ख, उमे (जपानी प्लमचं झाड) छाटत नाही तो मूर्ख' अशी जपानीत म्हण आहे. साकुराची मोडलेली जागा लवकर भरून येत नाही आणि तिथून झाड कुजत जातं.

सहाला बाग बंद होते, म्हणजे दिव्यांतला साकुरा इथे बघायला मिळत नाही. तो हवा असेल तर साडेपाचला चटई गुंडाळा, शिंजुकू-सानचोमेहून तोएइ शिंजुकू लाइनने कुदानशिताला उतरा आणि चिदोरिगाफुचीच्या खंदकाकाठची पायवाट धरा. बहरात तिथे संध्याकाळी दिवे लागतात आणि ७०० मीटर चाललं की पुरे. निशि-कासाईला परतायची तोझाइ लाइन त्याच स्टेशनवर आहे.